तेलाच्या रेघेवर पंगत

अकलूजच्या स्टँडवर सोलापूरची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात केळीची फणी, आणि डोक्यात माझ्या मैत्रिणीचं, अंबिकाचं, फोनवरचं एकच वाक्य. "अगं, यंदा येळवशीला यायचंच. पुढच्या वर्षी विहीर असेल का न्हाय, काय सांगता येत न्हाय."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आपल्या माळशिरस भागात हा सण कुणी करत नाही. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि पलीकडच्या कर्नाटकात मात्र दिवाळी एकवेळ चुकेल, पण येळवस चुकत नाही. त्या दिवशी आख्खं गाव रानात जेवतं.

अंबिका आणि मी कॉलेजची सगळी वर्षं सोलापुरात होस्टेलच्या एकाच खोलीत काढली. ती तिच्या घरातली पहिली पदवीधर, मी माझ्या घरातली. दोघींनाही त्याचा अभिमान आहे आणि तो आम्ही लपवत नाही. मी पुढे अकलूजला एका डेअरीच्या कार्यालयात लागले. ती गावी परत गेली आणि आईबरोबर शेती करू लागली. आता कच्चं तेल वाहून नेणारी एक पाइपलाइन तिच्या गावावरून जायची आहे, आणि नकाशातली रेघ बरोबर तिच्या आईच्या विहिरीवरून गेली आहे. विहीर बुजवावी लागेल, असं कंपनीचं म्हणणं. बुजवू देणार नाही, असं तिच्या आईचं. तंटा एवढाच आहे. मी तो जसा पाहिला तसा लिहिते.

टेंभुर्णीपर्यंत दोन्ही अंगांना ऊस आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. गाडी त्यांच्या मागे बैलगाडीसारखी चालली. मोहोळ मागे पडल्यावर रान उघडं झालं. हिरवा रंग कमी, आभाळ जास्त. शेजारच्या सीटवर सोलापूरच्या एक मावशी होत्या. फोनवर तेलुगू, माझ्याशी मराठी. माझ्या मांडीवरचा डबा पाहून त्यांनी विचारलं, "कुठं जायचंय?"

"मंद्रूपच्या पुढे. येळवशीला."

"मग डबा कशाला आणलास गं?" मावशी हसायलाच लागल्या. "आमच्या गल्लीतली पोरं दरवर्षी सायकलीवर तिकडं जातात. ओळख ना पाळख. रानातनं चाललेला माणूस त्या दिवशी उपाशी गेला तर त्या लोकांना झोप लागत नाही. तू नको म्हणून बघ एकदा, मागं मागं येतात ताट घेऊन."

मी हसले. मावशींनी गंमत केली असेल असं मला वाटलं.

सोलापुरात गाडी बदलून मंद्रूपला उतरले. तिथून पुढे वडाप (माणसं भरल्याशिवाय न हलणारी जीप). त्या दिवशी माणसांपेक्षा भाजी जास्त होती. मेथी, पात, चाकवत, वाटाण्याच्या शेंगा, ओला हरभरा, सगळं गाठोड्यांत. पुढच्या सीटवरची एक म्हातारी मागे वळून म्हणाली, "बाई, एवढी बिंदगी घे की मांडीवर. हितं फुटंल माजी." बिंदगी म्हणजे मातीची घागर. बाहेरून चुना लावून त्यावर कावेचे (गेरूसारख्या मातीचे) तांबडे पट्टे ओढलेले. मी घेतली. चुना ओला आहे हे म्हातारीने सांगितलं नाही. उतरले तेव्हा माझ्या निळ्या ड्रेसवर पोटाशी पांढरंशुभ्र वर्तुळ उमटलं होतं, आणि म्हातारीने उलट मलाच ऐकवलं, "सगळा रंग पुसलास की गं!"

वाटेत ड्रायव्हरने जीप हळू केली. "ताई, डावीकडं बगा. तो पट्टा."

डोक्याएवढ्या ज्वारीत एक लांबलचक खाच दिसत होती. तेवढ्या पट्ट्यात ज्वारी गुडघ्याएवढी, पिवळट.

"काय झालं तिथं?"

"मागं एक लाइन गेलीया. चर खांदताना वरची काळी माती खाली गेली, खालचा मुरूम वर आला. भरून दिलं म्हनले. भरलं, खोटं कशाला बोलू. पन पालथं भरलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "भरपाई मिळाली की त्यास्नी."

"भरपाई मिळाली," ड्रायव्हर म्हणाला, "रान न्हाय मिळालं."

जीप पुढे गेली.

होनकट्टी गाव एका ओढ्याच्या काठाला आहे. ओढा पुढे सीना नदीला मिळतो. अंबिकाची आई शिवम्मा दारातच उभ्या होत्या. सगळं गाव त्यांना अव्वा म्हणतं. कन्नडात अव्वा म्हणजे आई. मला बघून त्या म्हणाल्या, "बा, बा (ये, ये). अकलूजची साखर आली. आन् अंगाला चुना कुनी लावला हिच्या?"

चुलीवर भज्जीची तयारी चालली होती. आपण जी तळतो ती भजी नव्हे. दिसेल ती पालेभाजी, सगळे ओले दाणे, चिंचेचं पाणी आणि बेसन असं मोठ्या पातेल्यात शिजतं, त्याला भज्जी म्हणतात. मी शेंगा सोलायला बसले आणि पाइपलाइनचं विचारलं. दोघी एकदम बोलायला लागल्या.

अव्वा म्हणाल्या, "मी काय म्हनते, रस्त्याच्या कडनं न्या म्हनावं. सरकारचीच जागा हाय. लांब पडतंय म्हनं त्यास्नी! नळीला लांब पडतंय. माझी हीर बुजवायला मातर जवळ पडतीया."

"रस्त्याच्या कडनं पन नको," अंबिका म्हणाली. "ओढा तोच हाय, अव्वा. कुटंबी फुटली तर तेल ओढ्यात, ओढ्यातनं सीनेत. मग कुनाची हीर आन् कुनाचं काय."

"तू सगळंच नको म्हन. मी हिरीवरनं नको म्हनते. दोगी मिळून वराडलो तर जरा तरी थांबंल."

गावाने ग्रामसभेत विरोधाचा ठराव केला आहे. त्याआधी, निवडणुकीच्या दिवसांत, एका पुढाऱ्याने गावच्या चावडीसमोर 'पाइपलाइन न्यायची तर आधी माझ्या अंगावरून न्या' असं भाषण ठोकलं होतं. टाळ्या पडल्या. निकाल लागल्यावर त्याचाच निरोप आला की विकासाच्या आड येऊ नका. अव्वा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अंगावरनं न्या म्हनला हुता. अंग घिऊन यायचंच इसरला."

मोजणीवाले यापूर्वी येऊन गेले होते. लोक आडवे उभे राहिले, ते परत गेले. पण अंबिकाला खरी भीती वेगळीच होती. मोजणीच्या वेळी शेताचा मालक जागेवर नसेल तर 'गैरहजर' असा शेरा मारून मोजणी उरकता येते. एकदा मोजणी कागदावर चढली की पुढचं काम आपोआप सरकतं. म्हणून या मायलेकी गेले कित्येक आठवडे दोघी मिळून कुठेच गेल्या नव्हत्या. लग्नाला एक गेली तर दुसरी रानात.

त्या विहिरीबद्दल मला आधीपासून माहीत होतं, तेही सांगून टाकते. अंबिकाचे वडील गेले तेव्हा भावकीने सांगितलं, बाईमाणसाला झेपायचं नाही, रान वाट्याने लावा. अव्वांनी विहीर खोदायला घेतली. सुट्टीत अंबिका घरी जाऊन मुरमाच्या पाट्या वाहायची आणि होस्टेलवर यायची तेव्हा तळव्यांना फोड आलेले असायचे. परीक्षेत पेनाला रुमाल गुंडाळून लिहायची. ते मी बघितलंय. त्यामुळे या प्रकरणात मी तटस्थ वगैरे नाही. तटस्थ माणसाचं वाचायचं असेल तर दुसरं काहीतरी वाचा.

येळवशीच्या सकाळी चांगलीच थंडी होती. गावातून निघालो तेव्हा दाराला दार बंद. कुलपंच कुलपं. चावडीवर एक शेळी तेवढी उभी. बायकांच्या डोक्यावर रंगवलेल्या बिंदग्या, पुरुषांच्या खांद्यावर पातेली, आणि सगळी रांग रानाकडे.

अव्वांच्या रानात तूर नुकतीच काढली होती. खोडकी उभी होती. पलीकडे ज्वारी, ज्वारीत करडईच्या ओळी, आणि तुरीच्या रानाच्या कडेला ती विहीर. गोल, दगडाने बांधलेली, जवळच खोदकामातल्या दगडांचा ढीग अजून तसाच. मी वाकून पाहिलं. पाणी खोल होतं, पण स्वच्छ. वरून आम्ही दोघी दिसत होतो. अंबिकाने पोहरा सोडला आणि मला पाणी दिलं.

"कसं लागतंय?"

"गोड आहे गं."

"तुमच्याकडं पाटानं येतंय," अव्वा मागून म्हणाल्या. "आमचं आमी काडलंय. मंग त्याची चव येनारच की."

ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या बांधून एक लहानशी कोप (खोप) उभी केली होती. आत पाच दगड, चुन्याने रंगवलेले, वर कावेचा ठिपका. हे पांडव. त्यांची पूजा झाली, आणि अंबिका आंबिलीचं भांडं घेऊन ज्वारीत शिरली. पिकावर नैवेद्य शिंपडत ती ओरडत होती, "हुलग्यो, हुलग्यो!" बांधाबांधावरून तीच हाक उठत होती. कुणी दिसत नव्हतं, नुसती ज्वारी हलत होती आणि ज्वारीतून आवाज येत होते. याला चरग म्हणतात. अव्वांनी समजावून सांगितलं, "भूमिताई आता दोन जिवांची हाय. पोटरीत कनीस धरलंय तिनं. तिचे डोहाळे पुरवायचे. आजच्या दिशी हितं कुदळ न्हाय, पहार न्हाय, खुट्टी न्हाय."

आम्ही बसणार, एवढ्यात सिद्रामकाका धापा टाकत बांधावरून आले. हे शेजारच्या रानाचे मालक. मुलाच्या सांगण्यावरून त्यांनी कंपनीच्या कागदावर सही केली होती, आणि तेव्हापासून अव्वा त्यांच्याशी कामापुरतंच बोलत.

"वैनी, जीप आलीया. मोजनीवाले."

"आज?"

"आजच. ओढ्याकडनं चालत येत्यात."

आम्ही बांधावर चढून पाहिलं. आणि जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही.

सगळ्यात पुढे निळी टोपी घातलेला एक तरुण इंजिनियर. त्याच्यामागे गावचे तलाठी. त्यामागे दोन मजूर, एकाच्या खांद्यावर तिपाई, दुसऱ्याच्या खांद्यावर पहार आणि फक्कीची (चुन्याच्या भुकटीची) गोणी. आणि त्यांच्या मागे माणसं. हातात ताटं, वाट्या, पातेली घेतलेली माणसं. बायका, म्हातारे, सगळे.

झालं होतं असं. पहिल्या शेतात लोकांनी त्यांना हाक मारली, "या, जेवा." इंजिनियर म्हणाला, "नको, कामात आहोत." येळवशीला रानातला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही, म्हणून त्या घरातले ताट घेऊन मागे निघाले. दुसऱ्या शेतात पुन्हा तेच. "नको" म्हटलं की ते घर मागे. तिसऱ्या शेतात, चौथ्या शेतात तो नको म्हणत गेला आणि प्रत्येक नकाराला मागची रांग वाढत गेली. पहिल्याच शेतात बसून घासभर खाल्लं असतं तर त्याच्यामागे कुणीच आलं नसतं. एसटीतल्या मावशी गंमत करत नव्हत्या.

अव्वांच्या रानापर्यंत पोचेतो त्याच्या पाठीशी आख्खं होनकट्टी उभं होतं. तो वैतागून तलाठ्यांना म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही तर म्हणालात येळवशीला गाव रिकामं असतं!"

तलाठी घाम पुसत म्हणाले, "गाव रिकामंच हाय की, साहेब."

लोक इतके हसले की मजुरांनाही हसू आवरेना.

इंजिनियरची नजर मग कोपीतल्या पांढऱ्या दगडांवर गेली. तो जरा चढ्या आवाजात म्हणाला, "हे बघा! आमचे खुणेचे दगड उचलून आणलेत. प्रत्येक शेतात बघत आलोय मी. हा गुन्हा आहे, कळतं का?"

"ते पांडव हायत," अव्वा शांतपणे म्हणाल्या.

"कोण?"

"पाच पांडव. मोजा की. मोजनीवाले हाव न्हवं तुमी?"

अंबिकाने मला कोपरखळी मारली आणि कानात म्हणाली, "आमच्यातले आमचेच हायत. काकाच्या रानातला भीम मातर कंपनीचा हाय. एक दगड कमी पडला, काकानं उचलला आन् चुना लावला."

मी सिद्रामकाकांकडे पाहिलं. सही केलेले हे काका आभाळाकडे बघत मिशीत हसत होते. नंतर त्यांनी मला सांगितलं, "पूजा झाली न्हवं आता? आता तो देव झाला. देवाला कसं हलवायचं?"

पण इंजिनियरही काही लेचापेचा नव्हता. "यंत्रात सगळं आहे," असं म्हणून त्याने तिपाई लावली आणि मजुराला खूण केली. मजूर फक्की सोडत निघाला. तुरीच्या खोडक्यांतून पांढरी रेघ सरळ विहिरीकडे चालली. कठड्याला टेकली. पलीकडून पुन्हा सुरू झाली. मध्ये विहीर. इतके दिवस मी जे कानांनी ऐकत होते ते मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं. त्या रेघेला विहीर दिसतच नव्हती.

दुसऱ्या मजुराने पहार उचलली. अव्वा जाऊन रेघेवर बसल्या. विहिरीच्या कठड्याला पाठ लावून, मांडी घालून, सावकाश.

"आजी, बाजूला व्हा. नुसत्या खुंट्या मारतोय."

"भूमिताई दोन जिवांची हाय. आज खुट्टी न्हाय."

"अहो, जमीन तुमचीच राहणार आहे. कंपनी घेत नाही. फक्त खालून नळी जाणार. वर तुम्ही शेती करा."

"झाड लावू?"

"झाड नाही लावता येणार."

"हीर?"

"पट्ट्यात विहीर नाही चालत."

"घर?"

"नाही."

"मग माझं काय ऱ्हायलं? सारा भरायचा तेवडा माझा?" अव्वांचा आवाज जराही चढला नाही. त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "इदु नम्म बावी (ही आमची विहीर). सरकारनं दिली न्हाय, कंपनीनं दिली न्हाय. ह्या पोरीनं आन् मी काडली. उन्हाळ्यात समद्या वस्तीच्या घागरी हितं येत्यात. त्यास्नी काय नळीतलं तेल पाजू?"

इंजिनियरने आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या ड्रेसवरून, चपलांवरून त्याने काहीतरी अंदाज बांधला असावा. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्ही तरी समजवा. तुम्ही इथे आलात कशाने?"

"एसटीने."

"एसटी कशावर चालते?"

मला हा प्रश्न अपेक्षितच होता. अकलूजलाही लोक हाच विचारतात. मी म्हणाले, "डिझेलवर. आणि मी तिकीट काढून बसते. जागा नसेल तर उभी राहते. पण मला घाई आहे म्हणून कुणाच्या मांडीवर जाऊन बसत नाही."

"वा गं अकलूज!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्याचे कान लाल झाले. तो तलाठ्यांकडे वळला. "खातेदार सहकार्य करत नाहीत. गैरहजर लिहा आणि पुढे चला."

त्यावर अंबिका पुढे झाली. "गैरहजर? भाऊसाहेब, माझ्या आईकडं बघा. बसलीया का न्हाय?"

तलाठ्यांनी मान कागदात घातली.

"मी अंबिका, हजर," ती म्हणाली, आणि आईशेजारी रेघेवर बसली. मग मागून एक आवाज आला, "हजर." आणखी एक. ताट घेऊन आलेली माणसं पुढे यायला लागली आणि शाळेत हजेरीला ओरडावं तशी ओरडत फक्कीच्या रेघेवर बसायला लागली. कुणी काही ठरवलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. ताटं हातात होतीच. बसल्यावर ताट समोर ठेवायचं असतं, तसं ठेवलं. बघता बघता विहिरीपासून बांधापर्यंत रेघ बुजली आणि तिथे पंगत उभी राहिली.

सिद्रामकाका घुटमळत उभे होते. अव्वांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी सही केलीया. तुमचं काय?"

"सही केलीया, वैनी. जीभ कुटं दिलीया? हजर म्हनतो की मी बी." आणि ते बसले. अव्वांनी सरकून जागा दिली.

मग वाढणं सुरू झालं. बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), भज्जी, तिळाची भाकरी, शेंगाचटणी, हुग्गी (गव्हाची खीर), आणि वर आंबिल, ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची, लसणाच्या वासाची. दोन्ही मजुरांना हाताला धरून बसवलं. पहार बांधाला टेकली. तलाठी जरा वेळ उभे राहिले, मग चपला काढून बसले; त्यांचंही गाव अक्कलकोटाकडचं, त्यांच्या घरचेही त्या घटकेला कुठल्यातरी रानात जेवत असणार. उभा राहिला फक्त इंजिनियर आणि त्याची तिपाई.

"कुंद्री (बसा). ऊटा माड्री (जेवा)," अव्वा म्हणाल्या. त्याला कळेना म्हणून मराठीत म्हणाल्या, "जेव बाळा. जेवून भांड. उपाशी पोटानं भांडाया लागला तर मला बी धड भांडता येत न्हाय."

तो बसला. मला वाटत होतं तो चिडून निघून जाईल. तो रेघेवर नाही बसला, रेघेला समांतर बसला. तेवढा मान त्याने कंपनीचा राखला. उंडा मोडून भज्जीला लावला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. आंबिल दोनदा मागून घेतली, वर विहिरीचं तांब्याभर पाणी प्याला. मग हळूच मला म्हणाला, "ताई, माझी नोकरी आहे ही. मी रेघ ओढत नाही. रेघ वरून येते."

"मग वर सांगा, मध्ये विहीर आहे म्हणून," मी म्हणाले. "तुम्ही आज प्यालात तिचं पाणी."

जेवण झाल्यावर तलाठ्यांनी जागेवरच लिहिलं: सर्व खातेदार हजर, मोजणीस विरोध, मोजणी झाली नाही. अंबिकाने ते मोठ्याने वाचून घेतलं आणि मगच सही केली. जाताना इंजिनियर अव्वांना म्हणाला, "आजी, मला परत यावं लागेल."

"ये की," अव्वा म्हणाल्या. "येळवस वर्षातनं एकदा असती. आमी रोज असतो."

दुसऱ्या दिवशी निघाले. अव्वांनी तिळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं दिलं. विहिरीकडून रस्त्याकडे येताना पाहिलं, फक्कीची रेघ माणसांच्या बसण्याने पुसली होती. जिथे पुसली नव्हती तिथे कोंबड्यांनी उकरली होती.

अकलूजला आल्यापासून जो तो विचारतो, "मग, थांबली का पाइपलाइन?" नाही थांबली. कागद पुढे सरकला आहे. हरकतींवर सोलापुरात सुनावणी लागली आहे. मोठे वकील कंपनीकडून येतील. होनकट्टीकडून अव्वा, अंबिका आणि जेवढी माणसं एका वडापात मावतील तेवढी येतील. विहीर वाचेल का, मला माहीत नाही. वाचेलच असं लिहून तुम्हाला खूश करणं मला जमणार नाही.

इथे काही जण असंही म्हणतात की तुला काय करायचंय, तुमच्या रानातून थोडीच चालली आहे. त्यांना मी एवढंच सांगते. पाटाचं पाणी उघडलं की येतं, बंद केलं की थांबतं, आणि चावी आपल्या हातात नसते, हे कालव्याखालच्या माणसाला कळायला वेळ लागतो. मला होनकट्टीत कळलं. त्या बाईने स्वतःचं पाणी स्वतः काढलं आहे आणि तिला ते बुजवायला सांगतात, आणि ती नाही म्हणते. अशी नाही म्हणणारी माणसं जिथे जमतील तिथे आपण जाऊन बसावं, एवढं मला समजतं.

सुनावणीच्या दिवसासाठी मी रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी आम्ही सगळे नेहमी 'घरगुती' लिहितो. मी 'विहीर' लिहिलं. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "हे काय?"

"खरं कारण," मी म्हणाले.

"तुमच्याकडे विहीर कुठे आहे?"

"होनकट्टीला," मी म्हणाले, आणि सहीसाठी पेन पुढे केलं.